पेनाची रेघ आणि तात्यांचं गाऱ्हाणं

नर्सच्या नोकरीत किस्से कसे साचतात, देव जाणे! मालवणच्या आमच्या लहानशा हॉस्पिटलातले बरेचसे मी हसत सांगते. बाबलचा मात्र आठवला, की अजून माझ्याच हाताकडे बघत बसते.

*

बाबल रापणीवरचा. किनाऱ्यावरून दोर धरून जाळं ओढायचं, हा धंदा. शेंगाळा माशाचा काटा बोटात घुसला, तर यानं हळद दाबली आणि परत दोराला लागला! आला तेव्हा हात मनगटापर्यंत लालभडक, दात वाजतायत. डॉक्टरांनी लाली संपते त्याच्या थोडं वर पेनानं रेघ मारली.

"लाली ही रेघ ओलांडून गेली, तर हात वाचवणं कठीण."

बाबलचे वडील तात्या तिथून हललेच नाहीत.

*

डॉक्टरांनी मोबाइलवर जंतूंचा फोटो दाखवला. बाबल कण्हत म्हणाला, "येवढेशे? आनी ह्येंनी माका आडवो केलो?"

"त्यांनी नाही रे, तुझ्याच पेशींनी! जंतूच्या विषाचा कण लागला, की पांढरी पेशी हाका मारते. बाकीच्या धावून येतात. त्याचीच ही सूज, त्याचाच ताप."

"म्हंजे मासो दिसल्यार आमी बोंब मारतो, तसाच!"

इतकी वर्षं मी ताप मोजतेय. ताप ही कुणाची तरी हाक असते, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं!

*

इंजेक्शनं सुरू झाली आणि ताप आणखी चढला. तात्या भडकले. "जंतू मरतत म्हनतास, मगे ताप कसलो वाडता?"

डॉक्टर म्हणाले, "मरताना ते फुटतात, तात्या. विष सांडतं. पेशींना वाटतं, नवी फौज आली! आता जंतूंपेक्षा त्यांनाच आवरायला हवं."

मेलेल्यांशी लढाई! मी बाबलचा हात उचलून पाहिला. लाली रेघेला टेकली होती.

*

गावासाठी देवाला गाऱ्हाणं घालायचा मान तात्यांचा. ते वॉर्डातच हात जोडून उभे राहिले.

"बा पांढऱ्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्या खाटांवरून आवाज आला.

"माज्या झिलाची तू राखण केलंस. पन दुश्मन मेलो रे म्हाराजा! आता हाक आवर, तुजी माणसां माघारी फिरव, नि झिलाचो हात माका परत दी!"

"व्हय म्हाराजा!"

सकाळी लाली रेघेच्या चांगली खाली! डॉक्टरांनी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, औषधांचा कागद चाळला. वॉर्डात ते कायम शुद्ध बोलतात. तात्यांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले,

"तात्यानू, बाजूच्या खाटीवरच्याचा पन येक गाराणा घालशात?"