तुटलेल्या बोल्टचं डोकं

बाबांच्या माघारी आज त्यांची जुनी स्कूटर खोलायला घेतली. गंजलेल्या बोल्टवर डिझेल सोडलं आणि त्या वासानं नंदनवन वस्तीतल्या आमच्या घराच्या अंगणातला एक रविवार आठवला.

गल्लीतल्या सगळ्यांच्या गाड्या बाबाच खोलायचे. त्या दिवशी याच स्कूटरचा बोल्ट अडला होता. "संध्याकाळपर्यंत भिजू दे, हात नको लावू वं," म्हणून ते झोपले. मला कुठला धीर! पान्याला पाइप अडकवून जोर दिला, तर बोल्ट तुटला. त्याचं डोकं मी ग्रीसनं परत चिकटवून ठेवलं.

संध्याकाळी बाबांनी पाना लावताच ते गळून पडलं.

"माह्या हाताचा अंदाज गेला वं आता," ते म्हणाले.

मीच तोडला, हे न सांगता मी ते डोकं उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यानंतर त्यांनी कोणाचीच गाडी खोलली नाही.

आज त्यांची पेटी उघडली. सगळे पाने तेल लावून फडक्यात गुंडाळलेले होते. एकालाही गंज नव्हता.