बादलीभर पाणी

पैदाशीचे वळू निवडणाऱ्या त्या केंद्रात वजनाआधी जनावराला उपाशी, तहानलेलं ठेवत. पहिल्या वजनापासून शेवटच्यापर्यंत किती वाढ होते, त्यावरच सगळं ठरे. तिथला गुराखी कासियानो यानं स्वतःचा तरुण वळू लुसेरोही चाचणीला घातला होता. त्याच्या बायकोनं, देल्मिरानं, तो बाटलीनं दूध पाजून वाढवला होता. "त्याला जप," एवढंच ती लुसेरोला केंद्रात नेताना बोलली.

पहिल्या वजनाच्या सकाळी लुसेरो हंबरला. कासियानोला राहवलं नाही. त्यानं गुपचूप बादलीभर पाणी पाजलं.

शेवटच्या वजनाला काट्यावरचा ओलेगारिओ हळहळला. "दादा, सुरुवातीलाच भारी भरला होता रे तुझा गडी! वाढ कमी पडली. आता कापायलाच जाणार."

"कितीनं कमी?"

"असेल बादलीभर पाण्याच्या वजनानं."

कत्तलखान्याच्या ट्रकपाशी लुसेरो पुन्हा हंबरला. कासियानोनं बादली भरून आणली. या वेळी लपवायचं कारण नव्हतं.