डब्यावरची ओळ

कुसुममावशींनी परत दिलेल्या डब्यावर जुन्या कॅलेंडरचा कागद चिकटवलेला होता. त्याखाली माझी ओळ होती.

आमचं मंडळ एकट्या राहणाऱ्या वृद्धांना रोज जेवणाचा डबा पोहोचवतं. हे काम लोकांना एका वाक्यात कळावं म्हणून मी लिहिलं होतं, ‘निराधारांना मायेचा घास’. बैठकीत टाळ्या पडल्या, प्रत्येक डब्यावर स्टिकर लागले. काल पहिल्यांदाच मी स्वतः डबे घेऊन गेले.

“शेजारीपाजारी वाचतात गं,” मावशी हळूच म्हणाल्या. आदल्या दिवशीचा डबा घासून लख्ख केलेला होता आणि आत कुंडीतला कढीपत्ता होता. “रिकामा डबा कसा परत करायचा?”

मला त्यांच्याकडे बघवेना. ती ओळ लिहिताना मी एकाच्याही दारात उभी राहिले नव्हते.

घरी येऊन त्याच कढीपत्त्याची फोडणी आमटीला दिली. पहिला घास घेतला; तो मावशींच्या मायेचा होता.