वर केलेले हात

अकोले तालुक्यात डोंगरावर आमचं पंधरा-वीस घरांचं गाव होतं. समोरच्या उतारावरच्या माणसाला हात वर करून दाखवला, की त्याचा अर्थ ‘थांब, येऊ नको’. बहात्तरच्या दुष्काळात एक साहेब आले. देवळापुढं सभा भरली.

“गाव खाली सडकेला न्यायचंय. कबूल त्यांनी हात वर करा.”

सगळ्यांनी केले. मीही केला.

“एकमतानं मंजूर!”

सासरे उठले. “आवो, आमी नको म्हनलो!”

“मग बाबा, हात कशाला वर केला?”

“नको म्हनायलाच की!”

साहेबांनी कागद मिटला. गाव खाली आलं. वर असताना पाण्याचे हंडे खालून मीच वाहायचे. त्यामुळं माझा हात कबूल म्हणाला की नको, हे मला अजून सांगता येत नाही.