चुलीमागे एक माणूस

एम.ए. झाल्यावर मला नोकरी लागली ती विकास मोजायची. हसू नका, पगार मिळत होता. मुंबईच्या एका संस्थेतले सर, साहेबाचं राज्य गेल्यावर देश पुढे कसे येतात, याचा अभ्यास करत होते. त्यांच्या खोलीत दोन पंथ होते. एक म्हणे, सगळे देश एकच जिना चढतात, आपण खालच्या पायरीवर आहोत इतकंच. दुसरा म्हणे, साहेब वर गेला आणि जाताना जिनाही घेऊन गेला. चहा मात्र दोघे एकाच किटलीतला पीत. या भांडणाचा निकाल सरांना पेण-रोह्यात लावायचा होता आणि मी पडले रोह्याशेजारच्या अष्टमीची, म्हणून छापील प्रश्नांचा गठ्ठा माझ्याच गळ्यात आला.

रोह्याला तेव्हा नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, तिथे विकासाचे गुण पटापट पडत. धरमतरच्या खाडीकाठी सगळा ठणठणाट. तिथल्या एका गावात मी एका काकूंकडे राहायची. नवरा वारलेला, मुलगा रोह्याला कंपनीत, शिफ्टमुळे महिन्यातून एकदा तोंड दाखवणारा. मी त्यांना विचारलं, कुठल्या संस्थेच्या सभासद आहात?

"नाय."

कुठल्या सभेत बोलता?

"बांधाच्या."

माझ्या कागदावर बांधाच्या सभेला रकानाच नव्हता. मी शून्य लिहिलं आणि त्यांचीच भाकरी खाल्ली.

आषाढातल्या अमावास्येला भर दुपारी उधाण आलं आणि खाडी अडवून धरणाऱ्या बांधाला खांड पडली. खारं पाणी भातात घुसायला लागलं. आरोळी उठली तसं गाव पळत सुटलं. तिथली रीत अशी, की चुलीमागे एक माणूस खांडीवर आलंच पाहिजे. ज्या घरचं कोणी आलं नाही, त्या घरानं वर्षभर बांधाच्या सभेत तोंड उघडायचं नाही. काकूंचा गुडघा सुजून टम्म, मुलगा शिफ्टला, आणि शेत गावात सगळ्यात सखल. पाणी काढायचं दार, म्हणजे उघाडी, कधी उघडायची ते त्या सभेतच ठरणार होतं.

"यंदा भात गेलं गो माझं," त्या म्हणाल्या आणि उंबऱ्यावर बसल्या.

सरांनी मला बजावलं होतं, अभ्यासकानं काठावर उभं राहून बघावं. गेले बापडी काठावर, तर काठच खाली गेला. कमरेइतक्या चिखलात उभी राहून मी चिखलाचे गोळे या हातातून त्या हातात देऊ लागले. अध्यक्ष नाही, सचिव नाही, कोणी हुकूम सोडत नव्हतं, आणि दोनशे हात बिनचूक चालत होते. बिनचूक म्हणजे माझे दोन सोडून. माझा पहिलाच गोळा पुढच्या गृहस्थांच्या कानावर बसला.

"बाय, पोटाशी धर आणि मग दे," ते कान पुसत म्हणाले.

मला हसण्याची अशी उबळ आली की मागची बाई माझा पदर धरून उभी राहिली. साडीचा रंग कुठला ते कळेना, एक चप्पल खाडीनं नेली, आणि मी आयुष्यात इतकी खूश कधी झाले नव्हते. ओहोटी लागली तेव्हा खांड बुजली होती.

दुसऱ्या दिवशी देवळात सभा बसली. वरच्या शेतवाल्यांना पावसाचं गोडं पाणी शेतात राखायचं होतं, म्हणून उघाडी बंद हवी होती. काकूंच्या शेतात खारं पाणी तुंबलेलं. आणखी दोन दिवस राहिलं तर रोपं कुजणार. काकू बोलायला उठल्या तसा एकानं आक्षेप घेतला, यांच्या घरचं माणूस कुठं होतं? सर्व्हेवाली बाय काय यांची लागते?

बांधाची देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, "जेवते कुठं ती?"

"माझ्याकडं."

"मंग चुलीमागची हाय."

झाला निकाल. नात्यागोत्याचा एक शब्द नाही, जातीचा नाही. मी आनंदानं वही उघडली, तेवढ्यात म्हातारा माझ्याकडे वळला. "पण खांडीवर जो उभा, तोच बोलतो. बोल."

देश का मागे राहतात यावर मी तासभर बोलले असते. उघाडी कधी उघडायची यावर मला कोणी कधी काही शिकवलं नव्हतं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडावर धरला. रीत ती रीत.

मी उठले. "आमचं शेत सखल आहे. खारं पाणी साचलंय. गोडं पाणी पुन्हा पडेल, आमची रोपं पुन्हा येणार नाहीत. आज ओहोटीला उघडा."

वरच्या शेतवाल्यांची कुजबुज झाली.

"उघडा," म्हातारा म्हणाला.

काकू लंगडत उघाडीपर्यंत आल्या. दार वर गेलं आणि पाणी खाडीकडे धावत सुटलं. तेव्हा मात्र त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसाहमशी रडल्या, आणि मी वेडी हसतेय.

त्यानंतर मी पुष्कळ परिषदांत, पुष्कळ मोठ्या माणसांपुढे विकासावर बोलले. पण माझ्या बोलण्यानं पाणी हललं, ते त्या एकाच सभेत.