शिक्का नसलेली कादंबरी

मंगळवार, सकाळचे साडेदहा. टेबलावर ४३८ पानांची एक कादंबरी. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आमच्या ग्रंथालयाचे अध्यक्ष आप्पा. बाद करायच्या ११२ पुस्तकांच्या यादीवर त्यांची सही हवी होती. शनिवारी रद्दीचा टेम्पो येणार होता.

बाद करणं म्हणजे पुस्तक रजिस्टरमधून कायमचं काढणं. नियम मीच केलेला. पुस्तक घरी नेलं की मागच्या पानावर तारखेचा शिक्का बसतो. पाच वर्षांत एकही शिक्का नाही, तर पुस्तक यादीत. या कादंबरीला सहा वर्षांत नव्हता.

बाद करण्याआधी मी पानं मोजते. शुक्रवारी ही मोजायला घेतली आणि चाळिसाव्या पानावर मोजणी थांबली. जुन्या काळातल्या एका नामांकित नाटककाराच्या घराची गोष्ट. बाप लिहितो, बायको नकला उतरवते, भाऊ नटांच्या जेवणासाठी घरातली भांडी विकतो. थोरली मुलगी ३९१व्या पानावर जे करते, ते वाचून मी खुर्चीतून उठले. रविवारी इथेच बसून संपवली.

आत एसटीची अकरा तिकिटं सापडली. कुडाळ, वालावल, इन्सुली. सगळी मालवणला येणारी. शेवटचं पंधरा दिवसांपूर्वीचं, ३७६व्या पानावर. मी ती तारखेप्रमाणे आप्पांपुढे मांडली.

"तिकीट म्हणजे शिक्का नव्हे, बाई. नियम तुमचाच ना?"

"माझाच. पण कोणीतरी वाचतंय. बासष्ट पानं उरलीत त्याची."

"कोण तो? नाव सांगा."

नाव मला माहीत नव्हतं. तेवढ्यात वाचनकक्षातून तातू आले. दशावतारात राणीची भूमिका करतात. साठी ओलांडली तरी भुवया कोरलेल्या.

"बाई, कपाटातला पुस्तक खंय गेला? तीन फेरे मारलंय. आणि माझी तिकिटां कित्याक काढलास?"

आप्पा चपापले. "तातू, तू वाचतंस? मग घराक कित्याक नेणस नाय?"

"घराक आसतंय खंय मी? पेटाऱ्यात टाकलंय तर मुकुटाखाली चेपतला. जत्रेक जाताना-येताना हंयच बसान वाचतंय." मग माझ्याकडे वळून, "आमच्या नाटकात लिवलेला कायच नसता. उभो रवलंय की सुचात ता बोलूचा. हो पुस्तकातलो माणूस एका वाक्यासाठी आठ दिस बसता! ती थोरली पोरगी कायतरी करतली, माका वाटता."

मी तिकिटं गोळा करू लागले.

"तुमी वाचलास! तोंडार दिसता. सांगू नकात हां!"

आप्पांनी पेन खिशात ठेवलं. मी यादी परत घेतली आणि वाचनकक्षात रोज बसणाऱ्यांना यादीतल्या एकेका पुस्तकाबद्दल विचारलं. एकोणीस पुस्तकं तिथे बसून वाचली जात होती. टेम्पोत त्र्याण्णव गेली.

टेम्पो यायच्या आधीच, गुरुवारी, 'शांतता राखा' या पाटीखालून तातू ओरडले, "मारल्यान गो पोरगेन!" ३९१वं पान आलं होतं.

शिक्का पुस्तक नेल्याचा असतो, वाचल्याचा नाही. मी स्वतः ती कादंबरी वाचली, तरी मागचं पान कोरंच होतं. हे कळायला मला नोकरीची बावीस वर्षं लागली. आता वाचनकक्षात तिथे बसून वाचलेल्या पुस्तकांची वेगळी वही आहे.

सहा वर्षांतला पहिला शिक्का आप्पांच्या नावावर पडला. त्यांनी पुस्तक चार दिवस उशिरा परत केलं. रोज एक रुपया दंड. चार रुपये ग्रंथालयात जमा झाले, पावती दिली.