सूर धरायला माणूस

मुरुम गावच्या बंडप्पा गुरवांनी उभ्या आयुष्यात एकच काम केलं, आणि तेही असं, की नीट झालं तर कुणाच्या लक्षातच येऊ नये. थोरले भाऊ महालिंगप्पा सनई वाजवायचे आणि बंडप्पा त्यांच्या डाव्या अंगाला, वीतभर मागं बसून दुसऱ्या सनईवर सूर धरायचे. एकच सूर, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. गालात वारा साठवायचा, नाकानं श्वास घ्यायचा आणि आवाज तुटू द्यायचा नाही. कार्यक्रम संपला की माणसं महालिंगप्पांना म्हणायची, "काय वाजवलंत!" आणि बंडप्पांना म्हणायची, "जेवलात का?" बंडप्पांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माणूस खाण्याचा शौकीन. जेवणाचं कुणीतरी विचारलं यातच ते खूश असायचे.

सूर धरायला एक हात पुरतो. दुसरा रिकामा राहतो. त्या रिकाम्या हाताशी काही वर्षं महालिंगप्पांची लेक होती. तान्ही महेश्वरी घरात पाळण्यात झोपता झोपायची नाही, आणि देवळाच्या ओट्यावर, सनईच्या दणक्यात, काकाच्या मांडीवर मात्र ढाराढूर. एका हातानं सूर धरायचा आणि दुसऱ्या हातानं पोरीला थोपटायचं, असा बंडप्पांचा दुहेरी संसार चालायचा.

मागच्या उन्हाळ्यात महालिंगप्पा गेले. बंडप्पांनी दोन्ही सनया लाल फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवल्या आणि पेटी माळ्यावर सरकवली. त्या श्रावणात सोमवारच्या पालखीला देवळातल्या मंडळींनी कर्ण्यावर रेकॉर्ड लावली. लोक येऊन म्हणाले, "बंडप्पा, सगळ्या चाली तर तुमाला येत्यात. तुमीच वाजवा की." खोटं नव्हतं ते. भावाची बोटं बघता बघता सगळ्या चाली बंडप्पांच्या बोटांत कधीच उतरल्या होत्या. पण ते मान हलवायचे. "म्या सूर धरनारा मानूस. म्या चाल वाजीवली तर सूर कोन धरल?"

एकानं मोबाईलमध्ये तंबोरा लावून दिला. बंडप्पांनी तो शांतपणे ऐकला आणि फोन परत दिला. म्हणाले, "ह्यो आपल्याच नादात हाय. माझा दम सुटला तर ह्याला कळनार न्हाय. सूर धरायला मानूस लागतं."

यंदाचा श्रावण तोंडावर आला तशी त्यांच्या बायकोची, शिवकांताबाईंची, झोप उडाली. नवऱ्यानं सनईबरोबर आपलं बोलणंही पेटीत घालून ठेवलं होतं. दोन भाकरी खाणारा माणूस अर्धीवर उठायला लागला होता. यंदाही पालखी कर्ण्यावर निघाली तर ती पेटी पुन्हा कधीच उघडणार नाही, हे त्या माउलीला स्वच्छ दिसत होतं. तिनं पुतणीला पुण्याला फोन लावला. काय बोलली ते नवऱ्याला कळू दिलं नाही.

महेश्वरी पुण्यात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. तिचं वाजवणं बंडप्पांनी एकदाच फोनवर ऐकलं होतं आणि काळजीनं विचारलं होतं, "भांडण कुनाचं लागलंय?" ती पोरगी श्रावणाआधी पाठीला गिटार अडकवून दारात उभी राहिली. म्हणाली, "काका, सोलापूरला चला. गिटारचा आवाज मोठा करायला ॲम्प घ्यायचाय. जड पेटी असती, उचलू लागायला माणूस पाहिजे."

उचलायचं काम म्हटल्यावर बंडप्पांनी लगेच टोपी घातली.

दुकानात भिंतीला लागून ॲम्पच्या काळ्या पेट्या रांगेनं उभ्या होत्या. काउंटरवर पेडल मांडलेले, पायानं दाबायचे, साबणाच्या डबीएवढे. महेश्वरीनं गिटारची वायर पेडलला लावली, पेडलची ॲम्पला, आणि तार छेडली. आवाज गोड आला. बंडप्पांना बरं वाटलं. मग तिनं पेडलवर पाय दिला, आणि बंडप्पा खुर्चीतून ताडकन उठले.

"बंद कर, बंद कर! फाटलाय ह्यो. भाऊ, दुसरा दाखवा. नव्यातला काडा."

दुकानदार भला माणूस होता, हसला नाही. "काका, हा मुद्दाम फाडतात. आवाज फाडला की जड होतो. हिला जडच पाहिजे."

"आमी जलमभर फाटू नये म्हनून सनईची पत्ती तोंडात धरून भिजवत बसलो," बंडप्पा म्हणाले, "आन् तुमी पाय देऊन फाडता व्हय!" आणि पुन्हा खुर्चीत बसून त्यांनी कपाळाला हात लावला.

मग दुकानदारानं आपल्या पसंतीचा ॲम्प पुढं ओढला. सोबत आणखी एक पेडल जोडला. "जड वाजवणारे सगळे हेच नेतात. हात उचलला की आवाज गप्प. मागं खरखर राहत नाही." महेश्वरीनं वाजवलं, हात उचलला. आवाज असा कापला गेला, की अंधारात नसलेल्या पायरीवर पाय पडावा तसं बंडप्पांना झालं.

"हा नको," ती म्हणाली. "मला थांबून राहणारा पाहिजे."

"आवाज थांबून राहिला की ॲम्प शिट्टी मारतो, ताई."

"मारू दे. सांभाळीन मी."

कोपऱ्यात एक वापरलेला जुना ॲम्प होता, एका बाजूला पोचा आलेला. तिनं तो मागितला. पेडलचं बटण दुकानदारानं पार शेवटापर्यंत फिरवून ठेवलं होतं, ते तिनं निम्म्यावर आणलं. ॲम्पवरचं मधल्या आवाजाचं बटण वाढवलं. म्हणाली, "मधला आवाज कापला की एकट्यानं ऐकताना भारी वाटतं. शेजारी दुसरं वाद्य आलं की मग आपण हरवतो." शेजारी कुठलं वाद्य येणार होतं, ते बंडप्पांनी विचारलं नाही. तिनं जाड तार सैल केली, आणखी सैल केली, कान लावून थोडी ताणली. मग ॲम्पकडं तोंड करून उभी राहिली आणि तार एकदाच छेडली.

आवाज आला आणि गेलाच नाही. जाड होत, फुगत, फरशीतून तळपायात शिरत राहिला. बंडप्पांचे गाल आपोआप फुगले. हा त्यांचाच सूर होता. खाली खर्जात उतरलेला, अंगानं धिप्पाड झालेला, पण त्यांचाच. योगायोग असेल, असं त्यांनी मनाला समजावलं.

"काका, कसाय?" महेश्वरीनं विचारलं.

"जड हाय," बंडप्पा म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "पन चांगला हाय."

एसटीत ती पेटी त्यांनी पायाशी ठेवली आणि मुरुम येईपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी शिवकांताबाई त्यांना देवळात घेऊन आल्या. बाईंच्या काखेत माळ्यावरची पेटी होती. बंडप्पा काही बोलणार तेवढ्यात त्यांनी ओट्याकडं पाहिलं. ओट्यावर तो पोचा आलेला ॲम्प होता. समोर सतरंजी, आणि महेश्वरी गिटार घेऊन डाव्या अंगाला, वीतभर मागं बसलेली. पुढची जागा रिकामी.

"काका, तुमी पुढं बसा."

"तितं दादा बसायचा."

"व्हय. आता तुमी बसा. सूर मी धरते."

"तुला काय म्हाईत आपला सूर?"

"तुमच्या मांडीवर झोपून झोपून दुसरं काय शिकले मी?" ती म्हणाली. "पुण्यात गिटार हातात घेतली तवा पहिल्यांदा हाच सूर हुडकला."

बंडप्पांनी पेटी उघडली. भावाची सनई फडक्यातून काढली. पत्ती तोंडात धरून ते पुढं बसले. मागं पेडल दाबल्याचा खट्ट आवाज आला आणि तो जड सूर ओट्याच्या दगडातून वर आला. पालखीचे भोई दचकले. एका म्हातारबांनी कानावर हात ठेवले आणि मग हळूच काढले.

बंडप्पांनी फुंकर घातली. पहिलाच स्वर फाटला. सगळ्या गावासमोर टरकन फाटला. त्यांनी सनई खाली घेतली. झालं, याचीच तर भीती होती. पण मागचा सूर होता तिथंच उभा होता. तिनं तो नुसता लहान केला होता, कुणी चपला घालेपर्यंत दारात थांबावं तसा.

"फाटू द्या काका," ती मागून म्हणाली. "मुद्दाम फाडतात."

बंडप्पांना हसू फुटलं. वर्षभरातलं पहिलं हसू. त्या हसऱ्या तोंडानंच त्यांनी सनई पुन्हा लावली, आणि दादाची पालखीची चाल निघाली. सरळ निघाली. वळणावर त्यांचा दम कमी पडला, तर मागचा सूर भरून आला आणि त्यानं ती जागा उघडी पडू दिली नाही. माणूसच होतं मागं. त्याला कळत होतं.

तार ॲम्पसमोर आपली आपण गात होती. डाव्या हाताचं एक बोट तिला पुरत होतं. महेश्वरीचा उजवा हात रिकामा झाला होता. तो बंडप्पांच्या पाठीवर येऊन पडला आणि हलके हलके थोपटू लागला. बंडप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण चाल वाजवायला दोन्ही हात लागतात.

पालखी आत गेली. माणसं ओट्याभोवती गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, "बंडप्पा, काय वाजवलंत!"

याला काय उत्तर द्यायचं असतं, ते बंडप्पांना ठाऊक नव्हतं. ते मागं वळले. महेश्वरी खाली मान घालून वायर गुंडाळत होती. तिच्याशी कुणीच बोललं नव्हतं.

"पोरी," बंडप्पांनी विचारलं, "जेवलीस का?"